मुलांना बाबासाहेब सांगायचे असतील तर ‘भीमायन’ घ्या

मुलांसाठीच्या चरित्रांचा एक ठरलेला साचा असतो. अमुक साली जन्म, लहानपणापासून हुशार, परिस्थिती बेताची, परदेशात शिक्षण, मग थोर कार्य, आणि शेवटच्या पानावर पुतळ्याचा फोटो. परीक्षेपुरतं पाठ होतं पण माणूस काही भेटत नाही. भाचीसाठी म्हणून मी ‘भीमायन’ हे चित्रकथेच्या रूपातलं चरित्र घेतलं आणि खरंच सांगते, बाबासाहेबांवरचं मुलांसोबत वाचायला याच्याइतकं जिवंत पुस्तक मला दुसरं मिळालेलं नाही. २०११ मध्ये नवयान प्रकाशनानं काढलंय, लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी समाजातल्या चित्रकार जोडप्याची. माझ्याकडची प्रत इंग्रजी आहे, मी वाचता वाचता मराठीत सांगत गेले, कुठे अडलं नाही.

यात अख्खा जीवनपट नाहीये, आणि तेच बरंय. पाणी, निवारा आणि प्रवास असे तीन भाग आहेत, आणि बराचसा मजकूर बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींवर उभा आहे. म्हणजे मोठेपणाची यादी नाही, रोजच्या जगण्यात साध्या साध्या गोष्टींसाठी या माणसाला काय सोसावं लागलं ते आहे. १९०१ सालची गोष्ट घ्या ना, लहानगा भीम भावंडांबरोबर वडिलांना भेटायला साताऱ्याहून आगगाडीनं निघतो, सगळे नवे कपडे घालून खुशीत, मसूर स्टेशनवर उतरतात तर न्यायला कुणीच आलेलं नाही, स्टेशनमास्तर आधी आपुलकीनं विचारपूस करतो आणि जात कळल्यावर त्याचा चेहराच बदलतो. बैलगाडीवाले न्यायला तयार नाहीत, शेवटी एक जण दुप्पट भाडं घेऊन कबूल होतो ते पण गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूनं चालणार या अटीवर. सोबत जेवण आहे पण प्यायला पाणी नाही. इथे भाचीनं पुस्तक धरून ठेवलं आणि विचारलं, ‘मावशी, लहान मुलांना पण नाही दिलं?’ पुढे १९२७ चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह येतो तेव्हा तो का करावा लागला हे वेगळं समजावून सांगावंच लागलं नाही.

निवाऱ्याच्या भागात १९१७ चं बडोदं आहे. अमेरिकेत कोलंबियात शिकून आलेल्या माणसाला गावात राहायला खोली मिळत नाही आणि पारशी धर्मशाळेतूनही हुसकून लावतात.

आता चित्रांबद्दल. नेहमीच्या कॉमिक्ससारख्या चौकटी नाहीतच, गोंड घरांच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढतात ती दिग्ना नक्षी पानभर वळत जाते आणि तीच प्रसंग वेगळे करते. आगगाडी सापासारखी आहे. आणि बोलण्याचे फुगे तर फारच सुंदर सुचलेत, प्रेमाचं बोलणं पक्ष्याच्या आकारात आणि विषारी बोलणं असेल तर फुग्याला विंचवाची नांगी! दोन-चार पानांतच भाची शब्द वाचायच्या आधी नांगी शोधायला लागली, कोण कसं बोलणार ते तिला आधीच कळायचं.

न आवडलेलं पण सांगते. बसस्टॉपवर एक तरुण नोकरीतल्या आरक्षणावरून कुरकुर करतो आणि एक तरुणी त्याला बाबासाहेबांची गोष्ट सांगते अशी मांडणी आहे, हे संवाद मला मधूनमधून भाषणासारखे वाटले. आजच्या अत्याचारांच्या बातम्याही येतात, खैरलांजीच्या दलित हत्याकांडाचा उल्लेख आहे, ती पानं लहान मुलांना एकट्यानं वाचायला देऊ नका, शेजारी बसा. रमाबाई भेटतील, धम्मदीक्षेचं सविस्तर येईल असं वाटत असेल तर त्यासाठी दुसरं पुस्तक लागेल.

साधारण दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना द्या, आणि कागदावरचंच घ्या. चित्रं दोन-दोन पानं व्यापून पसरलीयत, मोबाइलच्या स्क्रीनवर ती नक्षी तुटते आणि कुठून कुठे वाचायचं तेच समजत नाही.