खेळाडूंच्या कार्डावरच्या सुरकुत्या काढायचं किट: नऊ महिने आणि अख्खा जुलै वापरून

गेल्या दिवाळीनंतर हे किट मागवलं आणि तेव्हाच पंधरा दिवसांत रिव्ह्यू टाकणार होतो. बरं झालं टाकला नाही, तेव्हा मी पाचपैकी पाच स्टार देऊन मोकळा झालो असतो. आता ऑगस्ट चाललाय, जुलैचा सगळा पाऊस कपाटातल्या कार्डांनी काढलाय, आणि आता सांगू शकतो की कार्ड सपाट होणं वेगळं आणि सुरकुती जाणं वेगळं, आणि हा फरक कोल्हापुरात जून उजाडल्याशिवाय कळत नाही.

माझ्याकडं कसली कार्डं आहेत ते आधी सांगतो कारण सगळं त्याच्यावरच आहे. एक म्हणजे नव्वदच्या दशकातली बिग फन बबलगमबरोबर मिळायची ती क्रिकेटरची कार्डं, रन आणि विकेटा छापलेली. दुसरं डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांची ट्रंप कार्डं, आम्ही मंगळवार पेठेत कट्ट्यावर बसून छाती किती, दंड किती, वजन किती यावर खेळायचो, कुस्तीचं गाव त्यामुळं त्या आकड्यांवरनं भांडणं पण खरीखुरी व्हायची आणि योकोझुना ज्याच्या हातात त्यानं वजन पुकारलं की डाव संपला. तिसरी पोराची, टॉप्सची क्रिकेट अटॅक्स आणि पानिनीची फुटबॉलची. किट घेतलं ते पोरामुळंच. शाहू स्टेडियमला मॅच बघायला जाताना गड्यानं मेस्सीचं कार्ड पँटच्या मागच्या खिशात घातलं आणि दोन तास त्याच्यावर बसला. घरी आल्यावर रडून गोंधळ, जेवला नाही, म्हटलं बघू काय होतंय का.

किटचं नाव लिहीत नाही कारण असली बरीच मिळतात आणि आत जवळपास तेच असतंय. बारीक फवाऱ्याची बाटली, दोन मायक्रोफायबरची फडकी, दहा टीपकागद, दोन अ‍ॅक्रिलिकच्या प्लेटा आणि चार क्लॅम्प. बाटलीतलं लिक्विड जानेवारीत संपलं, मग मेडिकलमधनं डिस्टिल्ड वॉटर आणून भरलं आणि रिझल्टमध्ये मला काडीचा फरक दिसला नाही. नळाचं पाणी मात्र घालू नका, क्षार कार्डावर राहतात आणि वाळल्यावर ठिपके दिसतात.

हे काम कसं करतं ते समजून घेतलं तर निम्मे पैसे वाचतील. कार्डाचा कागद म्हणजे लाकडाचे बारीक तंतू एकमेकांत गुंतून बसलेले, वर मातीचं कोटिंग, त्यावर शाई, त्यावर चकाकी. कार्ड नुसतं वाकलं तर तंतू वाकतात, तुटत नाहीत. त्यांना हवेतली ओल दिली की ते सैल पडतात, मग वजनाखाली वाळवले की सपाट बसतात. कार्ड दुमडलं की मात्र तंतू तुटतात, वरचं कोटिंग तडकतं, शाई उडते आणि ती पांढरी रेघ दिसायला लागते. तिथं आता शाईच नाही तर काय दाबणार? पापाची तिकटीवरनं चप्पल घेतलेल्या माणसाला हे सांगायला नको, कातड्याला तेल दिलं की सुरकुती बसते पण चीर पडली असंल तर ती तेलानं जुळत नाही.

त्यामुळं आधी तपासायचं. खोलीतला लाईट बंद करून मोबाईलचा टॉर्च कार्डाच्या कडेनं आडवा धरायचा, कार्ड हळूहळू फिरवायचं. एकाच बाजूला हलकी लाट दिसली तर आशा आहे. पुढनं पण रेघ आणि मागनं पण रेघ असंल तर सोडून द्या. मी गुजरीतनं सोनारांची दहा एक्सची भिंग घेतलीय, त्यातनं कोटिंग फुटलंय का नाही ते स्वच्छ दिसतं. या किटच्या माहितीपत्रकात भिंगाचा विषयच नाही, खरंतर पहिली वस्तू तीच द्यायला पाहिजे.

माझी पद्धत आता अशी झालीय. कार्डावर डायरेक्ट फवारा मारायचा नाही, माहितीपत्रकात काही लिहू दे. घट्ट झाकणाचा डबा घ्यायचा, तळाला ओला करून पिळलेला स्पंज, वर जाळी, जाळीवर कार्ड, झाकण लावून अर्धा-पाऊण तास. झाकणाला आतनं थेंब धरायला लागले तर लगेच उघडायचं. कार्ड मऊ पडलं की मागच्या साध्या बाजूला टीपकागद, पुढच्या चकचकीत बाजूला सिलिकॉनवाला बेकिंग पेपर, आणि प्लेटांमध्ये. टीपकागद पहिल्या दिवशी दोनदा बदलायचा, मग रोज एकदा, चार-पाच दिवस. घाई केली आणि आत ओल राहिली तर काढल्यावर तासाभरात कार्ड परत वाकडं होतंय.

बेकिंग पेपरची अक्कल मला द्रविडचं कार्ड घालवल्यावर आली. किटमध्ये दोन्हीकडं टीपकागद लावा असं दाखवलंय, मी तसंच केलं आणि चकचकीत बाजू कागदाला चिकटली, सोडवताना अर्धा चेहरा निघून आला. चौथीतलं कार्ड होतं ते. खरंतर मला कळायला पाहिजे होतं, कारण २०१९ च्या महापुरात शाहूपुरीतल्या माझ्या दोस्ताच्या घरात पाणी शिरलं तेव्हा त्याचा कार्डांचा अख्खा डबा विटेसारखा होऊन बसला होता, एक कार्ड सुटं झालं नाही. चकचकीत कागदाचं कोटिंग ओलं झालं की गोंदासारखंच वागतं.

अ‍ॅक्रिलिकच्या प्लेटा हा या किटचा सगळ्यात कच्चा भाग. क्लॅम्प आवळला की कडेला दाब बसतो आणि मधनं प्लेट फुगते, म्हणजे जिथं सुरकुती आहे तिथंच दाब नाही. महिनाभर वैतागलो आणि शेवटी उद्यमनगरात गेलो. तिथल्या एका वर्कशॉपमधल्या मामांना सांगितलं की पत्त्याएवढी कार्डं दाबायला दोन प्लेटा पाहिजेत. ते म्हणाले, "एमएस घेऊ नका, वल्ल्या कागदानं गंज धरंल. अ‍ॅल्युमिनियम घ्या, व्हीएमसीवर फेस मारून देतो. आणि कडंला चॅम्फर मारून घ्या, न्हाईतर कागदावर वण उठंल." एमएस म्हणजे साधं स्टील, व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन, त्यावर फेस मारला की प्लेट एकदम सपाट होते, आणि चॅम्फर म्हणजे धार मोडून तिरकी केलेली कड. कडेच्या चॅम्फरचा विचार किट बनवणाऱ्यानं केला नाही, मामांनी दोन मिनिटांत केला. बारा मिलीच्या त्या प्लेटा आल्यापासनं रिझल्ट एकदम बदलला, क्लॅम्प पण लागत नाहीत, वर दोन विटा ठेवतो, बास.

आता रिझल्ट. वाकलेली, कडेनं वळलेली कार्डं जवळपास सगळी सरळ झाली आणि बरीचशी अजून सरळ आहेत, याला फुल मार्क. हलक्या सुरकुत्या डिसेंबर-जानेवारीत अशा गेल्या की भिंगातनं पण शोधाव्या लागायच्या, मी तर खुश होऊन घरात सगळ्यांना कार्डं दाखवत फिरलो. ट्रंप कार्डांच्या पक्क्या घड्या, ज्या शाळेच्या शर्टाच्या खिशात पडलेल्या, त्यातली एकही गेली नाही, नुसती सपाट झाली, पांढरी रेघ होती तिथंच आहे. फॉइलची आणि क्रोम टाइपची कार्डं यात घालूच नका. त्यात प्लॅस्टिकचा थर असतो, तो ओल घेत नाही, कागद घेतो, मग कार्ड धनुष्यासारखं वाकतं.

सगळ्यात भारी रिझल्ट कुठं मिळाला सांगू? कार्डावर नाहीच, कात्रणावर. आमच्या आबांच्या डायरीत भाऊसाहेब निंबाळकरांचं कात्रण होतं, २०१२ मध्ये ते गेले तेव्हाचं, चार घड्या घातलेलं. कोल्हापूरचा माणूस, १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ काढल्या, ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊ कमी, समोरची टीम मॅच सोडून गेली म्हणून विक्रम राहिला, आणि एक टेस्ट मिळाली नाही त्यांना. त्यांचं कार्ड मला आजपर्यंत कुठं दिसलं नाही, म्हणून ते कात्रणच आमचं कार्ड. वर्तमानपत्राच्या कागदाला कोटिंग नसतं त्यामुळं ओल पटकन घेतो, दहा मिनिटांत मऊ पडलं, दोन दिवसांत असं सपाट झालं की आबा बराच वेळ हातात धरून बसले. घडीच्या जागी कागद विरलाय तो विरलाच, पण आता फ्रेममध्ये बसतंय.

आणि मग आला जुलै. घरात हवेतली ओल मोजायचा हायग्रोमीटर ८५ टक्क्यांच्या वर. एका रविवारी कपाट उघडून टॉर्च मारला तर हिवाळ्यात गेलेल्या सुरकुत्यांपैकी निम्म्या परत हजर. दाबून बसवलेले तंतू दमट हवेत फुगतात आणि आपल्या जुन्या वळणावर जातात, एवढं साधं आहे ते. घट्ट डब्यात सिलिका जेल टाकून ठेवलेली बरीच टिकली, उघड्या अल्बममधली गेली. डब्यात साधारण ५० टक्के आर्द्रता राहिली की बरं, एकदम कोरडं पण करू नका, नाहीतर फॉइलवाली उलटी वळतात.

त्याच रविवारी अजून एक गोष्ट दिसली आणि तिच्यासाठीच हे एवढं लिहितोय. जानेवारीत एका कलेक्टरकडनं मी एक कार्ड चांगले पैसे मोजून घेतलं होतं, निअर मिंट, म्हणजे जवळपास नवंकोरं, म्हणून. त्याच्या मधोमध आडवी रेघ उठली होती. म्हणजे त्यानं दाबून विकलं आणि मला सांगितलं नाही. विचारलं तर म्हणतो, तुमच्याकडं ओल लागली असंल. माझ्याकडं तर लागलीच, पण ओलीनं सरळ कार्डात सरळ रेघ पडत नाही, दाबलेलीच वर येते. राग पैशाचा नाही. मी पोराला सांगत होतो की बघ, तीस वर्षं कुणीतरी किती जपलंय.

अमेरिकेत पीएसएसारख्या, कार्डाची अवस्था तपासून नंबर देणाऱ्या ग्रेडिंग कंपन्या दाबून काढलेली सुरकुती अल्टर्ड स्टॉक, म्हणजे छेडछाड केलेला कागद, म्हणून बाजूला काढतात, नंबरच देत नाहीत. उलट हलकी सुरकुती आहे तशी असंल तर त्यांच्या नियमात दहापैकी चारचा ग्रेड मिळू शकतो. जुना अमेरिकन बेसबॉलपटू होनस वॅगनरचं ते जगप्रसिद्ध टी२०६ कार्ड, १९९१ मध्ये पीएसएनं ग्रेड केलेलं पहिलं कार्ड, त्याच्या कडा स्वतः कापल्या होत्या हे कार्डांचे लिलाव करणाऱ्या बिल मॅस्ट्रोनं २०१३ मध्ये कोर्टात कबूल केलं. एवढ्या मोठ्या कार्डाचं असं होत असंल तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बघून घेताना आपण काय ओळखणार. म्हणून विकत घेताना टॉर्च आडवा मारलेला व्हिडिओ मागा, आणि चकाकीत एकच गुळगुळीत पट्टा दिसला तर समजा सुरकुती घालवायला चमच्यानं घासलंय. इस्त्री केलेलं पण ओळखू येतं, चकाकी मेलेली असते.

किट घ्यायचं का? स्वतःकडं ठेवायची, वाकलेली कार्डं असतील तर डबा, स्पंज, टीपकागद आणि चांगल्या प्लेटा पुरतात, एवढे पैसे घालवायची गरज नाही. विकायच्या कार्डाला मी आता हात लावत नाही. जी दाबलीत त्यांच्या प्लॅस्टिकच्या स्लीव्हवर मागं मार्करनं "दाबलेलं" आणि तारीख लिहिलीय, पोरानं स्वतः बसून लिहिलंय सगळ्यांवर. मेस्सीवर पण. त्याची रेघ जुलैत थोडी वर आलीय, परत दाबू का विचारलं तर नको म्हणाला.

उद्यमनगरच्या प्लेटा माझ्याकडं पडून आहेत. पेठेतल्या कुणाला लागल्या तर घेऊन जा, टीपकागद तेवढा आपला आणा.