एअर रेड की ट्रिपल ऑप्शन? कॉलेज फुटबॉलमध्ये टीम निवडण्याआधी

भाचा ऑगस्टमध्ये एमएससाठी अटलांटाला आला. तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन. “मामा, शनिवारी लॅबमध्ये चिटपाखरू नसतं, सगळे अमेरिकन फुटबॉल बघायला स्टेडियमवर. मीही गेलो. पाच सेकंद खेळतात आणि मग अर्धा मिनिट नुसते उभे राहतात. कुठली टीम पकडू आणि त्यात बघू काय?”

मी म्हटलं, टीमची घाई करू नकोस, आधी ऑफेन्स, म्हणजे आक्रमणाची पद्धत, निवड. इथे खेळाडू चार-पाच वर्षांत पदवी घेऊन जातो. २०२१ पासून तर कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा मिळाल्यामुळे वर्षभरातही जातो. कोच त्याहून चंचल. तो गेला की त्याची चालींची वही अडगळीत पडते आणि त्याच रंगाच्या शर्टात वेगळाच खेळ सुरू होतो. म्हणून नव्या माणसाला मी दोन टोकं दाखवतो: एअर रेड आणि ट्रिपल ऑप्शन. एकीत बॉल सतत हवेत, दुसरीत जवळजवळ सतत जमिनीवर. आपल्याला कुठलं टोक भावतं ते कळलं की मधलं सगळं आपोआप समजायला लागतं.

नियम एका ओळीत: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, गेलात तर पुन्हा चार प्रयत्न, आणि गोलरेषेपलीकडे पोहोचलात की टचडाउन.

एअर रेडची सुरुवात १९८९ मध्ये आयोवा वेस्लियन नावाच्या छोट्याशा कॉलेजात झाली. हॅल ममी हेड कोच, माइक लीच त्यांचे मदतनीस. लीच यांच्याकडे वकिलीची पदवी होती, कॉलेजात ते फुटबॉल खेळलेच नव्हते. (ते कॉलेज २०२३ मध्ये कायमचं बंद पडलं. तिथल्या चाली आज देशभर खेळल्या जातात.) कल्पना साधी: चार रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, मैदानाच्या रुंदीभर पसरवायचे, क्वार्टरबॅकला (चाल चालवणारा, बॉल फेकणारा) मागे उभं करायचं आणि बॉल झटपट फेकायचा. ‘मेश’ या चालीत दोन रिसीव्हर समोरासमोरून एकमेकांना जवळजवळ घासून जातात, मागे लागलेले बचावपटू एकमेकांत अडकतात आणि एक जण मोकळा सुटतो. ‘फोर व्हर्टिकल्स’मध्ये चौघंही सरळ खोल पळतात आणि बचाव जिथे विरळ दिसेल तिथे थबकतात. चाली मोजक्याच, पण रोज घोटून घेतलेल्या. लीच यांच्या हातात सामन्याला एक घडी घातलेला कागद असायचा. बाकीचे कोच हॉटेलच्या मेनूकार्डाएवढं लॅमिनेट घेऊन फिरतात.

ट्रिपल ऑप्शन ऐकायला जुनाट वाटते, आणि आहेच. पण तिच्यातली अक्कल बघण्यासारखी. बचावातल्या दोन माणसांना मुद्दाम अडवायचंच नाही. क्वार्टरबॅक बॉल मागून धावत येणाऱ्या फुलबॅकच्या पोटाशी नेतो आणि पहिल्या मोकळ्या माणसाकडे बघतो. तो फुलबॅकवर तुटून पडला तर बॉल काढून घेतो, नाही तर देऊन टाकतो. काढून घेतला की कडेने पळत दुसऱ्या मोकळ्या माणसावर जातो. तो अंगावर आला तर बॉल बाजूने पळणाऱ्या साथीदाराकडे, स्लॉटबॅककडे, फेकतो, तो तिकडे वळला तर स्वतः घुसतो. हा सगळा निर्णय दोन-अडीच सेकंदांत. खो-खोत खांबापाशी हुलकावणी देणारा पोरगा जसा समोरच्याच्या खांद्याकडे बघून पाय टाकतो, तसंच. ज्या दोघांना अडवलं नाही, तेवढे ब्लॉकर दुसरीकडे जास्तीचे मिळतात. त्यामुळे लाइनमधली, म्हणजे पुढच्या रांगेत अडवणारी, पोरं अडदांड नसली तरी भागतं.

दोन्ही पद्धती एकमेकींच्या उलट दिसतात, पण जन्मल्या एकाच कारणातून. दोन्ही गरिबाच्या युक्त्या आहेत. लबक (टेक्सस टेक) किंवा पुलमन (वॉशिंग्टन स्टेट) अशा आडगावी देशातली सर्वोत्तम पोरं येत नाहीत. आर्मी, नेव्ही या लष्करी अकादमींत तर उंची-वजनाचे नियम आणि पदवीनंतर लष्करी नोकरी, तिथे दीडशे किलोचा लाइनमन येणार कुठून? मग असं काहीतरी खेळायचं, की समोरच्याला एका आठवड्यात त्याची तयारीच करता येऊ नये.

मग निवडायचं कशावरून? मी २००८ चा हंगाम उघडतो, कारण त्या एका वर्षात सगळं शेजारी-शेजारी ठेवलेलं सापडतं.

त्या वर्षी पॉल जॉन्सन नेव्हीतून जॉर्जिया टेकला आले. आदल्या वर्षी टेक ७-६ (सात विजय, सहा पराभव) होतं, तेही अगदी निराळ्या पद्धतीने खेळून. जॉन्सन यांनी पहिल्याच वर्षी ऑप्शन लावली, ९-४ केलं आणि शेजारच्या जॉर्जियाला त्यांच्याच घरात ४५-४२ हरवलं. त्याच वर्षी रिच रॉड्रिग्ज मिशिगनला गेले. त्यांचा स्प्रेड (खेळाडू पसरवून खेळायचा) ऑफेन्सही धावण्यावरच उभा, पण हाताशी त्या जातीचा क्वार्टरबॅक नव्हता; जोरदार फेकणारा रायन मॅलेट तर आर्कन्सॉला निघून गेला होता. मिशिगन ३-९. म्हणजे ‘नवी पद्धत रुजायला तीन वर्षं लागतात’ हे जे सर्रास सांगतात, ते अर्धंच खरं. हाताशी माणसं कोण आहेत, यावर ते ठरतं.

तिसरीकडे टेक्सस टेकमध्ये लीच यांचं नववं वर्ष. १ नोव्हेंबरला पहिल्या क्रमांकाच्या टेक्ससविरुद्ध एक सेकंद बाकी असताना ग्रॅहम हॅरेलचा पास मायकेल क्रॅबट्रीने कडेला पकडला आणि गोलरेषा ओलांडली. ३९-३३. तो क्षण कुठे सापडला तर बघाच. हंगाम ११-२.

पण त्याच वर्षाची दुसरी बाजू कोणी फारशी सांगत नाही. टेक्सस टेकने त्यानंतर तीन आठवड्यांनी ओक्लाहोमाकडून ६५-२१ असा मार खाल्ला. आणि जॉर्जिया टेकला वर्षअखेरच्या बोल सामन्यात एलएसयूने (लुइझियाना स्टेट) ३८-३ धुतलं. ऑप्शनची खरी दुखरी नस इथे आहे. तयारीला काही आठवडे मिळाले की चांगला बचाव तिची कोडी सोडवून येतो. शिवाय दोन टचडाउननी मागे पडलात की जमिनीवरून सरपटत परत येण्याएवढा वेळ घड्याळात उरत नाही.

एअर रेडची दुखरी नस वेगळी, आणि ती दोन आठवड्यांत बघायची असेल तर २०२० चा मिसिसिपी स्टेट घ्या. लीच यांचा तिथला पहिलाच सामना, समोर गतविजेते एलएसयू. एलएसयूने एकास एक माणूस लावला आणि लीच यांचा क्वार्टरबॅक के. जे. कॉस्टेलोने ६२३ यार्ड फेकले, एसईसी या कॉन्फरन्सचा (विद्यापीठांच्या गटाचा) विक्रम. निकाल ४४-३४. आपण सगळ्यांनी सोशल मीडियावर आरत्या ओवाळल्या. पुढच्या शनिवारी आर्कन्सॉने तिघांनाच पुढे पाठवलं, आठ जण मागे पेरले, आणि गाडी १४ गुणांवर अडकली. त्यानंतर केंटकीकडून २४-२ हार. ते दोन गुणसुद्धा बचावाने मिळवलेले. सहा इंटरसेप्शन, म्हणजे सहा पास समोरच्यांच्याच हाती. क्वार्टरबॅकने धीर धरून छोटे छोटे पास द्यायचे, हे नव्या मुलाला पहिल्या वर्षी जमत नाही. वॉशिंग्टन स्टेटमध्येही लीच यांचं पहिलं वर्ष ३-९ च होतं, आणि २०१८ मध्ये ११-२.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो निवडताना कोणी विचारत नाही: कोच गेल्यावर काय?

जॉर्जिया टेकमधून जॉन्सन २०१८ च्या हंगामानंतर निवृत्त झाले. ज्योफ कॉलिन्स आले आणि आधुनिक, पास फेकणारा ऑफेन्स करायचं ठरलं. घरात बघतात तर टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा) नावाची वस्तूच नाही, कारण जॉन्सन यांच्या रचनेत ती जागाच नव्हती. लाइनमधल्या पोरांना पुढे झेपावून खाली अडवायची सवय, मागे सरकत पासला आडोसा द्यायची नाही. क्वार्टरबॅक पाय चालवणारे. म्हणजे घर विकत घेतलं आणि भिंती सगळ्या चुकीच्या जागी. ३-९, ३-७, ३-९, आणि २०२२ च्या सप्टेंबरात कॉलिन्स यांना नारळ. पहिल्या वर्षी एक सामना तर असा झाला की नियतीला विनोदबुद्धी आहे याची खात्री पटावी: द सिटाडेल या खालच्या विभागातल्या लष्करी कॉलेजने टेकला त्यांच्याच मैदानावर २७-२४ हरवलं. कशाने? ट्रिपल ऑप्शनने.

नेब्रास्काचं दुःख याहून जुनं. कोच टॉम ऑस्बर्न यांनी ऑप्शनवर १९९४, ९५ आणि ९७ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. २००३ मध्ये ९-३ असताना त्यांच्यानंतरचे कोच फ्रँक सोलिच यांना काढलं, एनएफएल या व्यावसायिक लीगमधून बिल कॅलहन यांना आणून पासचा ऑफेन्स लावला, आणि पुढच्याच वर्षी ५-६. १९६१ नंतरचा पहिला तोट्याचा हंगाम.

एअर रेड सोडल्यावरही दुखतंच. डिसेंबर २०२२ मध्ये लीच वारले, मिसिसिपी स्टेटने त्यांचे बचावप्रमुख झॅक आर्नेट यांना बढती दिली, ऑफेन्स बदलला, आणि वर्ष संपायच्या आत आर्नेटही बाहेर. पण फरक असा, की त्यांचा क्वार्टरबॅक विल रॉजर्सला लगेच वॉशिंग्टन विद्यापीठाने घेतलं. फेकणाऱ्या हाताला बाजारभाव आहे. ऑप्शन चालवणाऱ्या क्वार्टरबॅकला बहुतेक ठिकाणी दुसरीच जागा शिकावी लागते.

याच बाजारभावामुळे एअर रेड आता सामान बांधून प्रवास करते. २०२१ मध्ये वेस्टर्न केंटकीने ह्यूस्टन बॅप्टिस्टमधून झॅक किटली हा ऑफेन्स आखणारा तरुण कोऑर्डिनेटर आणला. त्याच्याबरोबर क्वार्टरबॅक बेली झॅपी आला, रिसीव्हरही आले. आदल्या वर्षी ५-७ असलेली टीम ९-५, आणि झॅपीचे ५,९६७ यार्ड, ६२ टचडाउन, दोन्ही राष्ट्रीय विक्रम. त्याच वर्षाअखेरीस ओक्लाहोमाचे कोच लिंकन रायली यांनी ‘मी एलएसयूला जाणार नाही’ असं पत्रकारांना सांगितलं. खोटं नव्हतं ते. ते यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया) गेले. पाठोपाठ त्यांचा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स आला, सर्वोत्तम खेळाडूची २०२२ ची हाइझमन ट्रॉफी घेऊन बसला आणि ४-८ वाली यूएससी ११-३ झाली. (रायली स्वतः लीच यांच्या हाताखाली तयार झालेले, पण त्यांच्या एअर रेडमध्ये धावण्याला बरीच जागा आहे. शुद्ध वाण आता जवळपास कुठेच मिळत नाही.)

बिल मात्र बचावाच्या नावावर फाटतं. ऑफेन्स दीड मिनिटात टचडाउन करून बाकावर बसतो, बचाव धापा टाकत पुन्हा मैदानात. २०२३ मध्ये यूएससीने वॉशिंग्टनविरुद्ध ४२ गुण केले आणि ५२ खाल्ले. दुसऱ्या दिवशी बचावाच्या कोऑर्डिनेटरची नोकरी गेली. ऑप्शनवाल्यांचं उलट. ते आठ-आठ मिनिटं बॉल दाबून ठेवतात, तोवर त्यांचा बचाव पाणी पीत बसलेला असतो.

ऑप्शन संपली, असं २०२३ मध्ये मलाही वाटलं होतं. ऑप्शनवाल्यांच्या आवडत्या कमरेखालच्या अडवणुकीवर २०२२ मध्ये निर्बंध आले. आर्मीचे जेफ मंकन यांनी ऑफेन्सचा नवा कोऑर्डिनेटर आणून क्वार्टरबॅकला मागे, शॉटगनमध्ये नेलं. ६-६. पुढच्या वर्षी पुन्हा माणूस बदलला, क्वार्टरबॅक परत सेंटरच्या (बॉल मागे देणाऱ्याच्या) पाठीशी, आणि १२-२. नव्या कॉन्फरन्समधल्या पहिल्याच वर्षी तिचं विजेतेपद. ब्रायसन डेलीने एकट्याने ३२ टचडाउन पळून केले. नेव्हीनेही त्याच वर्षी ऑफेन्सचे कोऑर्डिनेटर म्हणून ड्रू क्रॉनिक यांना आणून विंग-टी या धावण्याच्या जुन्या पद्धतीला नवा शर्ट चढवला, १०-३ केलं आणि बोल सामन्यात ओक्लाहोमाला २१-२० हरवलं.

तर निवडायचं काय?

खेळ शिकायचा असेल तर ऑप्शन, याबद्दल मला शंका नाही. टीव्हीच्या चौकटीत ती पूर्ण मावते; निर्णय, फसवणूक, चूक, सगळं बॉलच्या आसपास घडतं. एअर रेडमध्ये निम्मी गंमत कॅमेऱ्याबाहेर पळणाऱ्या रिसीव्हरमध्ये असते, ती रिप्लेमध्येच कळते. पण घरी मित्र बोलावले आहेत, भेळ आहे आणि कोणालाच नियम माहीत नाहीत, तर डोळे झाकून एअर रेड लावा. ऑप्शनचा बारा मिनिटांचा ड्राइव्ह (सलग चढाई) बघायला लावलात तर पुढच्या शनिवारी कोणी येणार नाही.

टीम आधीच ठरलेली असेल, म्हणजे तुमचं किंवा मुलीचं विद्यापीठ, आणि नव्या कोचची घोषणा झाली असेल, तर सीझन तिकिटाचे पैसे भरण्याआधी दोन गोष्टी बघा. कोच एअर रेडवाला असेल तर तो क्वार्टरबॅक बरोबर आणतोय का, आणि बचाव कोणाच्या हाती देतोय. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर पहिल्या वर्षी फुकट तिकिटं मिळतील तेवढेच सामने बघा. कोच ऑप्शनवाला असेल तर पहिल्या वर्षाची फार काळजी नको. नेव्हीत जॉन्सन यांना पहिलं वर्ष २-१० गेलं, पण त्याआधीची टीम ०-१० होती आणि दुसऱ्या वर्षी ८-५ झालं. काळजी करायची ती तो कोच जाईल तेव्हा.

भाच्याचं जॉर्जिया टेक आता ब्रेंट की यांच्याकडे आहे. २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षं ७-६. त्या वर्षांत ऑफेन्स मधल्या वाटेचा होता: क्वार्टरबॅक हेन्स किंग फेकायचाही आणि धावायचाही. त्याला सांगितलंय, घरचे सामने स्टेडियममध्ये बघ आणि डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आर्मी-नेव्ही टीव्हीवर. फुलबॅकच्या मागे डोळे पळवू नकोस. कोणीही अडवलं नाही असा बचावपटू शोध आणि त्याचे खांदे कुठे वळतात ते बघ. कॅमेरामन फसेल, तू फसणार नाहीस.