८×४२ दुर्बीण : सात महिने केनियाची धूळ खाल्ल्यानंतर

मधल्या किमतीची, रूफ प्रिझमची (सरळ नळ्यांची), वॉटरप्रूफ दुर्बीण. ८×४२ म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिमी रुंद. वजन पट्ट्याशिवाय पाऊण किलोच्या आसपास. मसाई मारा आणि अंबोसेलीच्या रानात, नैवाशा आणि बारिंगो या तळ्यांवर, कोरड्या दिवसांत आणि नोव्हेंबरच्या पावसातही ती वापरून झाली. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. खालचं बरंचसं या गटातल्या कुठल्याही दुर्बिणीला लागू पडतं.

पहिला प्रश्न ठरलेला असतो : एवढं आफ्रिकेला जायचं तर १०× का नको? कारण तिथे पाय जमिनीवर नसतात. नेमून दिलेल्या जागा सोडल्या तर उद्यानात गाडीतून उतरायला मनाई. छत वर उचललेल्या लँड क्रूझरमध्ये उभं राहून बघायचं. इंजिन चालू असलं, शेजाऱ्याने पाय बदलला, कुणी बिस्किटाचा पुडा शोधायला वाकलं, की गाडी डुलते आणि १०× मध्ये चित्र नाचायला लागतं. ८× मध्ये तेच हलणं निभावून जातं, शिवाय दृश्य रुंद असल्यामुळे उडता पक्षी लवकर सापडतो. उजेडाचा हिशोबही बघा : ४२ भागिले ८ म्हणजे ५.२५ मिमी, भागिले १० म्हणजे ४.२ मिमी. डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत इतका रुंद. सकाळी साडेसहाला बाभळीच्या सावलीत बसलेल्या घुबडावर हा फरक कळतो. भर दुपारी अजिबात नाही. दुपारी भलतीच अडचण असते. दहानंतर माळावर झळा उठायला लागल्या की तीन-चारशे मीटरवरचं चित्र पाण्यात पडल्यासारखं थरथरतं, आणि जास्त मोठं केलं की थरथरही मोठी होते. पैसे कितीही मोजा, झळांवर काच चालत नाही.

चालकाला सकाळीच सांगून ठेवा की पक्षीही बघायचेत, नाहीतर रेडिओवर सिंहाची खबर आली की गाडी सुसाट. ‘झिमा इंजिनी’ म्हणजे इंजिन बंद करा. ‘न्देगे’ म्हणजे पक्षी, पण विमानालाही तोच शब्द, तेव्हा बोटही दाखवा.

काचेची खरी परीक्षा रानरेड्याच्या पाठीवर होते. तिथे बसलेला ऑक्सपेकर (जनावरांच्या अंगावरच्या गोचिडी खाणारा पक्षी) लाल चोचीचा की पिवळ्या? लाल चोचीच्या जातीत अख्खी चोच लाल आणि डोळ्याभोवती पिवळं कडं. दुसऱ्या जातीत चोचीचं बूड जाड आणि पिवळं, फक्त टोक लाल, डोळ्याला कडं नाही, कंबर फिकट. चाळीस मीटरवरून, गाडी बंद असताना, या दुर्बिणीतून कडं स्वच्छ दिसलं. सहलीच्या टेबलापाशी येणाऱ्या निळ्या-तांबूस मैनांचंही तसंच : सुपर्ब स्टार्लिंगचा डोळा पांढुरका आणि छातीवर पांढरी पट्टी, हिल्डब्रँटचा डोळा लालसर आणि पट्टी गायब. हे पक्षी दोन-तीन मीटरवर येतात, म्हणून जवळचा फोकस २ मीटरपर्यंत हवाच. या दुर्बिणीचा आहे. पांढुरक्या आभाळावर घिरट्या घालणाऱ्या गिधाडांच्या कडेला मात्र जांभळी झाक येते. या किमतीत ती येणारच, पण मादी बॅटलूर गरुडाच्या पंखांची बारीक काळी किनार आणि नराची रुंद किनार यांत घोळ होण्याइतकी नाही. सिस्टिकोला हे एकसारखे दिसणारे छोटे तपकिरी पक्षी ओळखायचे तर दुर्बीण खाली ठेवून कान द्यावा.

आता धूळ. अंबोसेलीच्या सुकलेल्या तळ्याची धूळ पिठासारखी बारीक आणि खारट. तिसऱ्या दिवशी फोकसचं चाक करकरायला लागलं. अशा वेळी रुमालाने पुसलं की काचेच्या लेपावर कायमचे ओरखडे उमटतात. क्रम असा : आधी रबरी फुग्याने हवा मारायची, मग मऊ ब्रश, आणि शेवटी किंचित ओलं मायक्रोफायबर. दुर्बीण खरोखर वॉटरप्रूफ असेल तर संध्याकाळी आयकप (डोळ्याला टेकणारी रबरी कडी) वर ओढून स्वच्छ पाण्याच्या बारीक धारेखाली धुवावी. चाकाची करकर त्यानेच गेली. रात्री ठेवायला कापडी पिशवी न्या. केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७पासून बंदी आहे.

सात महिन्यांत बिघडलं काय? पुढच्या काचांची रबरी झाकणं दुसऱ्याच आठवड्यात सैल पडली. उजव्या आयकपचा खटका झिजला, आता तो दाबला की खाली बसतो. चष्मा न लावणाऱ्याला हे फार त्रासाचं. बाहेरचं रबर बोटांच्या जागी चिकट झालंय, आणि तो दोष दुर्बिणीचा नाही : डासांसाठी लावलेलं डीट रबर आणि प्लास्टिक खातं. डासांसाठी पिकारिडिनवालं मलम वापरा, नाहीतर हात धुवून दुर्बीण उचला. डायऑप्टरची कडी (उजव्या डोळ्याचा फोकस वेगळा जुळवणारी) बॅगेत घासून सरकते आणि मग काच वाईट असल्यासारखं वाटतं. उजवी बाजू झाकून डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर फोकस करा, मग डावी झाकून फक्त कडी फिरवा, आणि तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावून टाका.

गळ्यातला पट्टा काढून पाठीवरून जाणारा हार्नेस लावला तर खड्ड्यांत दुर्बीण छातीवर आपटत नाही. सोबत रिकामी बीनबॅग असावी. नैरोबीत दीड-दोन किलो तांदूळ किंवा राजमा भरून घ्यायचा आणि छताच्या कडेवर ठेवून त्यावर हात टेकायचे. माराला छोट्या विमानाने जाणार असाल तर मऊ बॅगेत १५ किलोच नेता येतं, म्हणून मग बीनबॅग नैरोबीत भरू नका, रिकामीच न्या.

नैवाशा आणि बारिंगोच्या होडीत ही दुर्बीण सगळ्यात शोभली. उजनीवर दिसणारा तोच काळा-पांढरा खंड्या पाण्यावर जागच्या जागी फडफडताना नजरेत धरून ठेवता येतो. नाकुरू तळ्यावर काठापासून लांब गेलेल्या रोहित पक्ष्यांसाठी मात्र ती अपुरी. तिथे खिडकीला लावायच्या क्लॅम्पवर स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची, जास्त मोठं दाखवणारी दुर्बीण) लागतो.

आणि दोघांत एक दुर्बीण नेऊ नका. हातातून हातात गेली की डोळ्यांमधलं अंतर आणि फोकस नव्याने जुळवावा लागतो, तोवर फांदी रिकामी.