स्काऊट पथकाची पहिली गडवारी: लोहगड की राजगड?

नव्यानं स्काऊटमास्तर झालेल्या मैत्रिणीनं विचारलं, "२४ मुलं, एकच दिवस, कुठला गड?"

खर्चात लोहगड पुढे आहे. पुणे-लोणावळा लोकलनं मळवलीला उतरायचं आणि भाजे गावातून चालत निघायचं. राजगडाला गुंजवणे किंवा पाली गावापर्यंत बस ठरवावीच लागते.

सुरक्षेचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. लोहगडाला पायथ्यापासून पायऱ्या आहेत आणि लोहगडवाडीपर्यंत गाडी येते. कुणाचा पाय मुरगळला तर त्याला लवकर खाली आणता येतं. विंचूकड्याकडे, म्हणजे गडाच्या लांब, चिंचोळ्या सोंडेकडे मात्र वारा जोराचा, पावसात दगड निसरडे. तिथे प्रत्येक संघनायकानं (पथकातल्या छोट्या तुकडीच्या म्होरक्यानं) आपली मुलं मोजलीच पाहिजेत. राजगडाचा चोर दरवाजा आणि बालेकिल्ल्याची चढण रेलिंग धरून चढायची आहे. एक मूल घाबरून थांबलं की मागची सगळी रांग अडकते. पाली दरवाज्याची वाट चोर दरवाज्यापेक्षा खूप सोपी. मधमाश्यांमुळे धूर आणि अत्तर दोन्हीकडे वर्ज्य!

थरार विचाराल तर राजगडाला तोड नाही. सुवेळा माचीवरचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, पाहिलेलं मूल ते विसरत नाही.

दहा-अकरा वर्षांची, पहिल्यांदाच निघालेली मुलं असतील तर लोहगड, तोही पावसाळा सरल्यावर. दोन-तीन गड केलेली, तेरा-चौदाची मुलं आणि दर सहा जणांमागे एक अनुभवी मोठा माणूस असेल, तर हिवाळ्यात पालीमार्गे राजगड. मैत्रिणीला मी लोहगडच सांगितला.