सी ड्राइव्ह भरला, मग नवे प्रोग्राम डी वर पाठवायचे कसे? कोणता मार्ग घ्यावा

सीताबर्डीच्या बाजारातून घेतलेला लॅपटॉप, २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, हीच सी (विंडोजमध्ये ती २३८ च्या आसपासच दिसते), सोबत १ टीबीची हार्ड डिस्क, ती डी. सी ची पट्टी लाल झालेली, डी रिकामा पडलेला, आणि नवं काही टाकलं की परत सी वरच जाऊन बसून राहिलं. नागपुरात ओळखीच्या कित्येक घरी हेच पाहून राहिलो, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला मार्ग सेटिंग्जचा. विंडोज ११ मध्ये सिस्टिम, स्टोरेज, अ‍ॅडव्हान्स्ड स्टोरेज सेटिंग्ज, आणि तिथं 'व्हेअर न्यू कंटेंट इज सेव्ह्ड'. त्यात न्यू अ‍ॅप्सपुढे डी निवडायचा, झालं. सोपं आहे, धोका नाही, पण हे फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरच्या अ‍ॅप्सना लागू होतं. वेबसाइटवरून उतरवलेली सेटअप फाइल याला विचारत नाही, आणि लोक नेमके इथंच फसतात.

दुसरा मार्ग रजिस्ट्रीचा (विंडोज आपली आतली सेटिंग्ज जिथं साठवते ती जागा), म्हणजे तिथली प्रोग्रामफाइल्सडिर ही नोंद बदलून डी करायची. व्हिडिओत दोन मिनिटांचं काम वाटते. मी केलं होतं भाऊ, आणि पस्तावलो. ३२ बिट, म्हणजे जुन्या धर्तीच्या प्रोग्रामांची नोंद वेगळी असते, ती तशीच राहिली, त्यामुळे अर्धे प्रोग्राम सी वर, अर्धे डी वर, कोणता कुठं आहे ते शोधण्यातच सगळा रविवार गेला. मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगते की या बदलाला सपोर्ट नाही, अपडेटला अडचण येऊ शकते. माझं स्पष्ट मत, याला हात लावू नका.

तिसरा म्हणजे दर वेळी कस्टम इन्स्टॉल निवडून सी च्या जागी डी टाइप करायचं. कंटाळवाणं आहे खरं, पण काही बिघडलं तर त्या एका प्रोग्रामपुरतंच बिघडते, म्हणून मी हाच वापरतो. क्रोमसारखे काही प्रोग्राम जागा विचारतच नाहीत, त्यांना सी वरच राहू द्या. आणि डी वर टाकलेला प्रोग्रामसुद्धा आपली सेटिंग्ज नि कॅशे (तात्पुरत्या फाइली) सी वरच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये ठेवतो, म्हणून सी पूर्ण मोकळा होईल ही आशा ठेवू नका.

तुमचा डी हार्ड डिस्क असेल तर रोज उघडायचे प्रोग्राम एसएसडीवरच ठेवा, नाहीतर उघडायला वेळ घेतील. गेम, क्वचित लागणारी मोठी सॉफ्टवेअर डी वर टाका.

आधीच टाकलेल्या प्रोग्रामचं फोल्डर कट करून डी वर पेस्ट करू नका, बहुतेक वेळा तो उघडतच नाही. काढा नि परत टाका. आणि हे सगळं करण्याआधी डाउनलोड्स फोल्डरवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमधल्या लोकेशन टॅबमधून त्याला डी वर हलवा. माझ्याकडे एवढ्यानंच पट्टी लालची निळी झाली होती.