कॉर्फ, बोमॅरिस की बॅम्बरा? किल्ला निवडण्याआधी त्याचं गाव बघा

सह्याद्रीत गड चढण्याआधी आपण पायथ्याच्या गावात टेकतो. कुणाच्या तरी ओसरीवर पाणी पितो, वाट विचारतो, आणि वाट सांगता सांगताच एखादे आजोबा कुठला बुरूज कधी पडला, कुठल्या टाक्याचं पाणी आटत नाही, सगळं सांगून टाकतात. ब्रिटनमध्ये आलो की ही सवय सुटते. तिकीट काढायचं, तटावर फोटो काढायचे, दुकानात डोकवायचं आणि गाडीत बसायचं. गाव राहूनच जातं, आणि मला त्याची खरोखर हळहळ वाटते. कारण तिथेही गोष्ट गावातच असते.

आईबाबा महिना-दोन महिन्यांसाठी आलेत, विंडसर आणि लंडनचा टॉवर बघून झालाय, आता लंडनबाहेरचा एक तरी किल्ला नीट दाखवायचाय, अशा बेतात असलेल्यांसाठी हे लिहीत आहे. तीन जागा डोळ्यांसमोर आहेत: डॉर्सेटमधलं कॉर्फ, वेल्समधलं बोमॅरिस आणि नॉर्थम्बरलँडमधलं बॅम्बरा. किती बुरूज, किती उंच तट, यावरून तुलना करत नाही. किल्ल्यामुळे शेजारच्या गावाचं काय झालं, हे विचारलं की तिन्ही जागा एकमेकींपासून लख्ख वेगळ्या दिसतात.

कॉर्फ: किल्ला मोडला, गाव उभं राहिलं

पर्बेकच्या टेकड्यांच्या रांगेत एक खिंड आहे. कॉर्फ या नावाचा अर्थच मुळी खिंड. तिच्या मधोमध सुट्या टेकडीवर किल्ल्याचे अवशेष, आणि खाली त्याच करड्या दगडाची घरं. सन ९७८ मध्ये इथे तरुण राजा एडवर्डचा खून झाला आणि सावत्र भाऊ गादीवर आला. गावातलं चर्च त्याच एडवर्डच्या नावाचं. पण खुनापेक्षा इथे जास्त जिवंत आठवण आहे ती लेडी मेरी बँक्सची.

बँक्स कुटुंबाने हा किल्ला १६३५ मध्ये विकत घेतला. पुढे राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं. नवरा राजाबरोबर, आणि १६४३ मध्ये पार्लमेंटच्या फौजा दारात. लेडी मेरी, तिच्या मुली, दासी आणि मोजके शिपाई एवढ्यांनी बालेकिल्ला लढवला. वरून दगड आणि तापलेले निखारे टाकून शिडीवरच्या माणसांना मागे रेटलं. वेढा घालणाऱ्यांनी तळ ठोकला होता गावातल्या चर्चमध्ये. छपराचं शिसं उतरवून त्यांनी त्याच्या गोळ्या ओतल्या. दुसरा वेढा १६४६ च्या फेब्रुवारीत संपला तो फितुरीने: आतल्याच एका अधिकाऱ्याने कुमक म्हणून शत्रूचे शिपाई आत घेतले. लेडी मेरीचं धैर्य पाहून किल्ल्याच्या किल्ल्या तिच्याकडेच राहू दिल्या, असं सांगतात. त्या किल्ल्या आजही बँक्सांच्या किंग्स्टन लेसी या वाड्यात टांगलेल्या आहेत.

मग पार्लमेंटने हुकूम काढला की किल्ला पाडा. सुरुंग लावले, पाया पोखरला, बुरूज कलले. आज जे कललेले दगडी सुळके दिसतात ते काळाने झिजवलेले नाहीत, माणसांनी ठरवून मोडलेले आहेत. गड पुन्हा कुणाच्या कामी येऊ नये म्हणून तो निकामी करायचा, हे आपल्याला परकं नाही. १८१८ मध्ये मराठी राज्य बुडाल्यावर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कित्येक गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे असेच उडवले. तीच गोष्ट त्यांनी स्वतःच्या घरात जवळजवळ पावणेदोनशे वर्षं आधी केली होती. अर्धवट तुटलेल्या पायऱ्यांवरून जो कधी चढला आहे, त्याला कॉर्फचे कललेले बुरूज पाहून फार काही समजावून सांगावं लागणार नाही.

पडलेले दगड गावाने उचलले. म्हणून किल्ल्याचा एक भाग टेकडीवर आहे आणि एक भाग गावातल्या भिंतींमध्ये. साध्या घराच्या साध्या भिंतीत मधेच एखादा सुबक घडवलेला दगड दिसला की थांबा. हे गाव पिढ्यान्‌पिढ्या पाथरवटांचं. जवळच्या खाणींतून निघणारा, पॉलिश केला की संगमरवरासारखा चमकणारा पर्बेकचा दगड इथे घडवून सॅलिसबरी कॅथेड्रल आणि वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीपर्यंत जायचा. त्या कारागिरांची जुनी जमात आजही दर वर्षी श्रोव्ह ट्यूजडेला, म्हणजे लेंट उपवास सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, गावच्या चिमुकल्या टाउन हॉलमध्ये जमते. नवे शिकाऊ दाखल करून घेतले जातात. त्यांनी बिअर सांडू न देता हॉलपर्यंत आणायची असते. दगड बंदरावर नेण्याच्या वाटेचा हक्क म्हणून एक पौंड मिरी द्यायची, ही जुनी अट अजून पाळली जाते, आणि त्याबरोबर फुटबॉलही त्या वाटेने लाथाडत नेतात. तारीख जुळली तर सोडू नका.

कॉर्फ निवडलंत तर टाइनमसाठी अर्धा दिवस राखून ठेवाच. पश्चिमेला काही मैलांवर हे गाव आहे, म्हणजे होतं. १९४३ च्या डिसेंबरात सैन्याला रणगाड्यांच्या सरावासाठी जमीन हवी होती. आसपासच्या सव्वादोनशेच्या आसपास माणसांना महिन्याभरात घरं सोडायला सांगितलं. जाताना कुणीतरी चर्चच्या दारावर चिठ्ठी लावली: घरं जपा, आम्ही एक दिवस परत येऊ. युद्ध संपलं, १९४८ मध्ये सरकारने जमीन कायमची घेऊन टाकली, आणि परत कुणालाच जाता आलं नाही. आज बिनछपराच्या भिंती उभ्या आहेत. शाळेची खोली मात्र जपली आहे, डगले अडकवायच्या खुंट्यांवर मुलांची नावं आहेत. मुळशी किंवा कोयनेच्या पाण्याखाली ज्यांच्या घरातल्या कुणाचं गाव गेलं आहे, त्यांना तिथे एक शब्दही बोलावासा वाटणार नाही. जमीन अजून सैन्याकडेच आहे, त्यामुळे साधारण शनिवार-रविवारी आणि सुट्टीतच आत सोडतात. आधी वेळापत्रक तपासा.

बोमॅरिस: किल्ला आला, गाव उठवलं

वेल्सच्या अँगलसी बेटावर, मेनाई सामुद्रधुनीच्या काठी हा भुईकोट आहे. पाण्याने भरलेला खंदक, तटाच्या आत तट, आणि सगळं इतकं प्रमाणबद्ध की स्थापत्य शिकणारी मुलं वही घेऊन येतात. १९८६ पासून हा जागतिक वारसा आहे. भरतीला जहाज थेट दरवाजापाशी लागावं म्हणून तटालाच धक्का ठेवलेला आहे.

पण ही जागा मोकळी नव्हती. अगदी शेजारी लानवाइस नावाचं वेल्श राजांचं गजबजलेलं बंदर होतं. १२९४ मध्ये वेल्श लोकांनी बंड केलं. ते मोडल्यावर इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२९५ मध्ये इथे किल्ला बांधायला घेतला आणि लानवाइसची वस्ती उठवली. लोकांना बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, वीसेक किलोमीटरवर नेऊन वसवलं. त्या जागेचं नाव पडलं न्यूबरा, वेल्शमध्ये न्यूबर्ख: नवं गाव. आपल्याकडच्या पुनर्वसित गावठाणासारखंच ते नाव. किल्ल्याबरोबर वसवलेल्या नव्या शहरात इंग्रज आणून बसवले, आणि वेल्श माणसाला तिथे घर-जमीन घ्यायची बंदी.

बांधकामाचा प्रमुख होता मास्टर जेम्स. पैसे वेळेवर येत नाहीत म्हणून त्याने १२९६ मध्ये राजदरबाराला लिहिलेलं पत्र टिकून आहे. त्यात तो हिशेब देतो: ४०० गवंडी, २,००० मजूर, २०० खाणकामगार, ३० बोटी. पुढे राजाचं लक्ष आणि पैसा स्कॉटलंडकडे गेला. काम अर्धवट राहिलं, ते आजही तसंच आहे. एक गाव उठवून बांधायला घेतलेला किल्ला कधी पुरा झालाच नाही.

इथली माझी सर्वांत आवडती वस्तू किल्ल्यात नाही, शहरातल्या चर्चच्या देवडीत आहे. लिवेलिन या वेल्श राजाची राणी जोन १२३७ मध्ये वारली, आणि लानवाइसला तिच्या स्मरणार्थ मठ उभारला गेला. पुढे इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने मठ मोडले, आणि तिची मानली जाणारी दगडी शवपेटी कितीतरी वर्षं घोड्यांना पाणी पाजायच्या हौदाचं काम करत राहिली. आता ती चर्चमध्ये आणून ठेवली आहे, झाकणावर स्त्रीची आकृती कोरलेली आहे. ही जोन इंग्लंडच्या किंग जॉनची मुलगी. त्याच जॉनने आपली सख्खी पुतणी एलिनॉर हिला कैदेत ठेवलं, आणि तिच्या त्या लांबलेल्या कैदेतला काही काळ गेला तो कॉर्फमध्ये. दोन्ही किल्ले बघितले तर या दोन बायका एकमेकींशेजारी आठवतात.

न्यूबरालाही जाऊन या. तिथले लोक वाळूत उगवणाऱ्या माराम गवताच्या चटया आणि दोर विणून पोट भरत. आज रस्त्यावर वेल्श कानावर पडते. उठवलेल्या माणसांची भाषा सातशे वर्षांनंतर ऐकायला मिळते, हे मला कुठल्याही बुरुजापेक्षा मोठं वाटतं.

बॅम्बरा: किल्ल्याने गाव पोसलं

तिघांत दिसायला सर्वांत रुबाबदार हाच. समुद्रकाठी काळ्या खडकावर बसलेला. तो खडक आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाचाच भाऊबंद, फक्त जमिनीखालीच थिजलेल्या शिलारसाचा. राजे भरपूर झाले, वेढे झाले. १४६४ मध्ये तोफांपुढे पडलेला इंग्लंडमधला हा पहिला किल्ला म्हणतात. ते सगळं आतल्या पाट्यांवर वाचाल. आजचं राजवाड्यासारखं रूप मात्र अलीकडचं. तोफांच्या धंद्यावर श्रीमंत झालेल्या लॉर्ड आर्मस्ट्राँगने तो १८९४ मध्ये विकत घेऊन नव्याने बांधून काढला.

मला महत्त्वाचं वाटतं ते त्याआधीचं अठरावं शतक. लॉर्ड क्रू या बिशपने मागे ठेवलेल्या धर्मादाय निधीतून डॉ. जॉन शार्प यांनी पडक्या किल्ल्यात गोरगरिबांसाठी दवाखाना आणि शाळा चालवली, धान्य स्वस्तात विकलं. वादळी रात्री घोडेस्वार किनाऱ्यावर गस्त घालत, धुक्यात तोफ वाजवत, बुडत्या जहाजातून वाचलेल्या खलाशांना किल्ल्यात निजायला जागा देत. किल्ल्याचा असा उपयोग मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही.

आणि म्हणूनच गावाच्या तोंडी नाव राजाचं नाही, ग्रेस डार्लिंगचं. १८१५ मध्ये याच गावात जन्मलेली, दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी. ७ सप्टेंबर १८३८ च्या वादळात फॉरफरशायर जहाज खडकांवर फुटलं, तेव्हा २२ वर्षांची ग्रेस वडिलांबरोबर वल्ही मारत गेली. खडकावर अडकलेले नऊ जण त्यामुळे वाचले. चार वर्षांनी क्षयाने ती गेली. चर्चच्या आवारातलं तिचं स्मारक जाणाऱ्या जहाजांना दिसावं अशा बेताने उभारलं आहे. समोर तिच्या नावाचं संग्रहालय, आणि किल्ल्याच्या पायथ्याशी चक्क क्रिकेटचं मैदान. उन्हाळ्यात सामना चालू असेल तर बाबा तिथून हलणार नाहीत.

मग कुठे जायचं?

हातात एकच दिवस असेल तर प्रश्नच नाही, कॉर्फ. लंडन वॉटर्लूहून वेअरमपर्यंत ट्रेन, पुढे बस. स्वॉनिजहून वाफेच्या गाडीनेही येता येतं. ही लाइन १९७२ मध्ये बंद करून रूळ उखडले होते, स्वयंसेवकांनी ती पुन्हा उभी केली. फक्त आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर टेकडीचा चढ खडा आहे. त्यांना गावात बसवून तुम्ही वर जाऊन या, गावच जास्त बघण्यासारखं आहे.

दोन रात्री काढता येत असतील तर माझं मत बोमॅरिसला. जमीन सपाट आहे, चालायला सोपं (तटावरचे जिने सोडून), बॅंगरपर्यंत ट्रेन आणि पुढे बस. शिवाय ब्रिटन म्हणजे नुसतं इंग्लंड नव्हे, हे इथे आल्यावर नीट कळतं.

बॅम्बरा सर्वांत लांब. लहान मुलं बरोबर असतील, सजवलेली दालनं आणि समुद्र दोन्ही हवं असेल, तर इतका प्रवास करा. एडिंबराला जाणारच असाल तर वाटेतच पडतं. जवळच्या लिंडिसफार्न बेटाचा रस्ता भरतीला पाण्याखाली जातो, दर वर्षी गाड्या अडकतात. भरती-ओहोटीच्या वेळा बघूनच गाडी पुढे घाला, आणि ओहोटी सरायच्या आत परत फिरा.