उत्तरेच्या थंडीत जाणारे गोव्याचे ट्रेलर: घोड्यावरचं टेलिमॅटिक्स पुरे, की ट्रेलरवर वेगळं हवं?

गोव्यात जानेवारीतही दुपारी घाम येतो. त्यामुळे ‘थंडीआधी ट्रेलर तयार करा’ असं कोणी सांगितलं, तर वास्कोच्या मालकाला ते पंजाबातल्या कोणाचं तरी काम वाटतं. पण वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतून भरलेला ट्रेलर अनमोड घाट चढतो, बेळगावहून राष्ट्रीय महामार्ग ४८ धरतो आणि जयपूरच्या पुढे कोटपुतली-धारूहेडाच्या पट्ट्यात पोचतो, तेव्हा पहाटे पाच अंश आणि समोर पांढरी भिंत असते. गाडी गोव्याच्या हवेत तयार केलेली, चालते मात्र हरियाणाच्या थंडीत.

हल्ली या तयारीसाठी टेलिमॅटिक्स, म्हणजे गाडीची माहिती दुरून फोनवर किंवा स्क्रीनवर पाठवणारी यंत्रं, विकायला बरेच जण येतात आणि प्रत्येकाचा स्क्रीन सुंदर असतो. प्रत्यक्षात मालकासमोर चार वाटा आहेत: गॅरेजची वही आणि साधा जीपीएस, घोड्यासोबत (म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या इंजिनाच्या गाडीसोबत) कंपनीकडून आलेलं टेलिमॅटिक्स, ट्रेलरवर बसणारा स्वतंत्र ट्रॅकर, आणि ट्रेलरच्या प्रत्येक चाकापर्यंत सेन्सर असलेला पूर्ण संच. माझं मत आधीच सांगतो. थंडीतली बहुतेक दुखणी ट्रेलरला होतात आणि बहुतेक पैसा घोड्यावरच्या यंत्रांवर जातो. तरीही सगळ्या ट्रेलरवर पूर्ण संच बसवणं हा वेडेपणा आहे.

घोड्याला काय कळतं, काय नाही

टाटाचं फ्लीट एज, अशोक लेलँडचं आय-अलर्ट, भारतबेंझचं ट्रकोनेक्ट, आयशरचं माय आयशर यांतलं काहीतरी बहुतेक नव्या गाड्यांवर असतंच. इंजिनाचं तापमान, घोड्याची बॅटरी, डिझेल कुठे भरलं, किती वेग, किती वेळ उभी ठेवून इंजिन चालू होतं, हे सगळं यातून कळतं. थंडीसाठी याचा खरा उपयोग दोन ठिकाणी होतो.

एक, डिझेल. भारतीय मानकात उन्हाळी आणि हिवाळी डिझेलच्या मर्यादा वेगळ्या आहेत. थंडीने फिल्टर तुंबू लागण्याचं तापमान उन्हाळी डिझेलला जास्तीत जास्त १८ अंश चालतं, हिवाळीला ६. सगळीकडून भरत गेलेली टाकी सहसा त्रास देत नाही. पण दक्षिणेत स्वस्त मिळालं म्हणून काठोकाठ भरून तेच डिझेल उत्तरेपर्यंत नेणारे चालक असतात, आणि ते कुठे भरलं हे या नोंदीत दिसतं. लडाखसाठी २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं वेगळं डिझेल काढावं लागलं, यावरून प्रकरण किती टोकाला जाऊ शकतं ते कळेल. आपल्या गाड्या तिथे क्वचितच जातात. एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करायला लागणारं डीईएफ हे द्रव उणे ११ ला गोठतं, तेव्हा मैदानी रस्त्यावर त्याची चिंता नको.

दोन, धुकं. हवामान खात्याच्या भाषेत दृश्यता २०० मीटरच्या खाली गेली की दाट धुकं आणि ५० च्या खाली गेली की अति दाट. अशा पट्ट्यात मध्यरात्री ते सकाळी आठ गाडी चालवायची नाही, असा नियम मालकाने केला तर तो पाळला जातो का, हे घोड्याचंच यंत्र सांगेल. इथे ट्रेलरवरचं कितीही महाग यंत्र जास्त काही देत नाही.

पण घोड्याच्या मागे काय चाललंय, याचा त्याला पत्ता नसतो. आणि आपल्याकडे घोडा बदलतो. मुरगाव बंदरातून एक घोडा ट्रेलर ओढून आणतो, वेर्ण्यात सोडतो, पुढे उत्तरेला दुसराच घेऊन जातो. टायरच्या दाबाचा रिसीव्हर घोड्याच्या केबिनमध्ये बसवला असेल, तर प्रत्येक अदलाबदलीत तो नव्या ट्रेलरशी जोडावा लागतो, आणि रात्री अकरा वाजता ते कोणी करत नाही. जिथे घोडा आणि ट्रेलर कायमचे जोडीने फिरतात तिथे केबिनचा रिसीव्हर चालेल. अदलाबदल असेल तर ट्रेलरचा स्वतःचा संदेशवाहक हवाच.

हवेचा हिशेब

सगळ्या तुलनेत मी सर्वात जास्त वजन याला देतो, म्हणून जरा थांबून बघू. वेर्ण्यात सावलीत, थंड टायरमध्ये, ३२ अंशांवर ११० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरली. टायर गळत नाही, खिळा नाही. तोच टायर धारूहेड्याजवळ पाच अंशांच्या पहाटे रात्रभर उभा राहिला तर गेजवर साधारण ९९ दिसेल. तापमान उतरलं की बंद जागेतल्या हवेचा दाबही उतरतो. म्हणजे दहा टक्के हवा कुठेही न जाता ‘कमी’ झाली. गाडी तासभर पळाली की टायर तापून आकडा वर जातो आणि ढाब्यावर दुपारी गेज लावणाऱ्याला सगळं ठीक वाटतं.

आता उलट बघा. त्या पहाटे कोणी टायरवाल्याकडे जाऊन पुन्हा ११० करून घेतलं, तर हाच ट्रेलर गोव्यात ३२ अंशांवर उभा राहिल्यावर १२२ च्या आसपास दाखवेल. जास्त हवेचा टायर मधून झिजतो आणि खड्ड्यात आदळला तर फुटायला तयार असतो. घाट उतरून मोल्याच्या रस्त्यावर अशा टायरांची परीक्षा होतेच.

गॅरेजची वही इथे हरते. वहीत ‘हवा तपासली, ११०’ एवढंच असतं. कुठे, किती तापमानाला, टायर गरम की थंड, हे नसतं. हातोडी मारून आवाजावरून टायर ओळखणारे मेस्त्री अजून आहेत आणि साफ बसलेला आतला टायर ते पकडतात. पण दहा टक्क्यांचा फरक कानाला कळत नाही.

मात्र सेन्सर आहे म्हणून प्रश्न सुटला असंही नाही. सेन्सरच्या संचात ‘११० पेक्षा दहा टक्के खाली गेलं की वाजव’ अशी सरळ मर्यादा घातली, तर उत्तरेतल्या पहिल्या पहाटे बाराही चाकं एकदम बोंब मारतील. तिसऱ्या दिवशी चालक बझरची वायर काढून ठेवेल, आणि मी त्याला दोष देणार नाही. चांगली यंत्रणा दाबाबरोबर टायरचं तापमानही मोजते, दोन्हींचा मेळ घालून खरी गळती वेगळी काढते आणि चाकांची आपापसांत तुलना करते. अकरा टायर ९९ वर आणि एक ८८ वर असेल, तर तो एक बिघडलेला आहे. विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: तुमची मर्यादा तापमानाप्रमाणे बदलते का? तो गोंधळला तर पुढचं बोलणं चहापुरतंच ठेवा.

सेन्सर कुठे बसतो हेही महत्त्वाचं. व्हॉल्व्हच्या टोकावर फिरवून लावायचे सेन्सर स्वस्त, पाच मिनिटांत बसतात. पण हवा भरताना पंक्चरवाला ते काढतो आणि परत लावायला विसरतो, रात्रीच्या पार्किंगमध्ये चोरीला जातात, आणि आपल्या खाऱ्या हवेत त्यांची आटी व्हॉल्व्हवर गंजून घट्ट बसतात. टायरच्या आत, डिस्कला पट्ट्याने बांधलेले सेन्सर चोरीला जात नाहीत आणि तापमान खरं दाखवतात. त्यांची बॅटरी संपली तर टायर उतरवल्याशिवाय इलाज नाही. तीन एक्सलच्या ट्रेलरला बारा टायर म्हणजे बारा सेन्सर, हा हिशेब धरून मी आतलेच घेईन आणि टायर रिमोल्डला, म्हणजे नवं रबर चढवायला, जाताना बॅटरीचं बघेन.

ट्रॅकरची वीज कुठून येणार

स्वतंत्र ट्रॅकर ही मधली वाट. दर तासाला किंवा दिवसातून काही वेळा तो जागा सांगतो. ट्रेलर घोड्याविना कुठे पडून आहे, भलत्याच घोड्याने ओढून नेला का, हे कळतं. थंडीच्या तयारीत त्याचा वाटा इतकाच की कुठला ट्रेलर किती दिवस गॅरेजकडे आलेला नाही ते कळावं. तो टायरबद्दल गप्प असतो.

पण वीज या विषयावर विकणारे पटकन पुढे सरकतात. ट्रेलरच्या नेहमीच्या सात पिनांच्या प्लगमध्ये दिव्यांच्या आणि ब्रेकच्या लाईनी असतात, कायम चालू राहणारी वीज त्यात नसते. दिवे लावले की करंट, बंद केले की नाही. एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) वेगळा प्लग असेल आणि तो खरोखर जोडलेला असेल, तर गोष्ट निराळी. म्हणून यंत्राला स्वतःची बॅटरी किंवा सोलर पॅनेल लागतं. उत्तरेत आठवडाभर धुकं पडलं की पॅनेल उपाशी. गोव्यात तर जून ते सप्टेंबर ढगच ढग, आणि मुरगाव बंदराच्या आसपास उभ्या ट्रेलरच्या पॅनेलवर कोळशाची धूळ बसते ती वेगळीच. चार्ज होणारी लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर खराब होते. हिमाचलच्या वरच्या भागात जाणाऱ्यांनी यासाठी वेगळी चौकशी करावी. चार्ज न होणाऱ्या लिथियम सेलवर चालणारी यंत्रं थंडी चांगली सोसतात, पण त्यांचं आयुष्य ती किती वेळा संदेश पाठवतात यावर अवलंबून. ‘पाच वर्षं चालते’ असं ऐकलं की विचारा, दिवसातून किती संदेश धरून?

जे कोणताच सेन्सर सांगत नाही

एअर ब्रेकमधलं पाणी. गोव्याच्या दमट हवेत कंप्रेसर जी हवा ओढतो तिच्यातली वाफ घोड्यावरच्या एअर ड्रायरने पकडायची असते. ड्रायरचा कार्ट्रिज संपला असेल तर पाणी ट्रेलरच्या टाकीपर्यंत पोचतं. गोव्यात ते नुसतं साचतं. राजस्थानातल्या शेखावाटीत पहाटे पारा शून्याला टेकला की व्हॉल्व्हमध्ये गोठतं आणि ब्रेक सुटत नाहीत किंवा लागत नाहीत. दाबाचा सेन्सर दाबच दाखवतो, पाणी नाही. त्यामुळे निघण्यापूर्वी टाकीखालचा ड्रेन कॉक, म्हणजे पाणी सोडायची तोटी, उघडून बघणं माणसाच्याच हातचं काम. तो गंजून बसलेला असेल तर बदला, पेट्रोलच्या टोपणाएवढा खर्चही येत नाही. इथे वही जिंकते, आणि तिला पर्याय नाही.

दिव्यांचं अर्धं-अर्धं आहे. काही संच प्रत्येक लाईनचा करंट मोजून टेल लाईट गेल्याचं सांगतात. एलईडी दिव्यांना करंट कमी लागतो, म्हणून बल्बसाठी बनवलेलं यंत्र कधी खोटी बोंब मारतं, कधी गप्पच राहतं. आणि दिवा चालू असूनही त्यावर चिखलाचा थर असेल, रिफ्लेक्टर टेप निम्मा उखडला असेल, तर स्क्रीनवर सगळं हिरवं. धुक्यात मागून येणाऱ्याला मात्र काहीच दिसत नाही. माझ्या मते फडका आणि नवा टेप हा धुक्यासाठीचा पहिला खर्च, टेलिमॅटिक्स त्यानंतर.

मग कोणी काय घ्यावं

बंदर ते वेर्णा, सांकवाळ, फार तर हुबळी एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या ट्रेलरला थंडीसाठी काहीही विकत घेऊ नका. वही नीट ठेवा, हवा सकाळी थंड टायरवर तपासा. ट्रेलर हरवतात, पडून राहतात, असा त्रास असेल तर साधा ट्रॅकर घ्या. पण त्याला थंडीची तयारी म्हणू नका.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी जे ट्रेलर नियमित दिल्ली, बद्दी, लुधियाना करतात, त्यांच्यावर चाकापर्यंतचा पूर्ण संच बसवा. दहातले तीनच उत्तरेला जात असतील तर तीनच ट्रेलर ठरवून टाका आणि उत्तरेचा माल त्यांच्यावरच भरा. हा नियम पाळायला बुकिंगवाला कुरकुर करेल, कारण त्याला जो ट्रेलर रिकामा तो हवा असतो. पण संच आणि फेरी यांची जोडी जमली नाही तर पैसे वाया. आणि हा खर्च चार महिन्यांचाच नाही. कमी हवेचा जोडटायर, तापलेलं हब, गेलेला टेल लाईट हे सगळं पावसाळ्यात चोर्ला-अनमोडलाही तितकंच कामी येतं.

रीफर, म्हणजे थंड माल नेणाऱ्या शीतगृहासारख्या ट्रेलरचं वेगळं. कॅरियर किंवा थर्मो किंगचं यंत्र असेल तर त्यांचं स्वतःचं टेलिमॅटिक्स मिळतं, तेच घ्या. उत्तरेच्या थंडीत २ ते ८ अंशांच्या औषधांना बाहेरची हवा गोठवू शकते आणि काही लशी एकदा गोठल्या की बाद होतात. म्हणून कमाल तापमानाबरोबर किमान तापमानाचाही इशारा लावलेला आहे ना, आणि यंत्राला गरम करण्याची सोय आहे ना, एवढं बघितलं की पुरे.

इशारा कोणाच्या फोनवर जाणार, हे खरेदीआधी ठरवा. धुक्यात गाडी चालवणाऱ्याच्या फोनवर तो नको. ऑफिसात रात्री जागा असलेला एक माणूस हवा, त्याने गाडी थांबल्यावर चालकाला सांगावं. असा माणूस नसेल तर पूर्ण संच घेऊ नका.

आणि सही करण्याआधी एक परीक्षा घ्या. यंत्र बसवलेल्या ट्रेलरच्या आतल्या टायरमधून पंधरा-वीस पीएसआय हवा सोडा आणि घड्याळ लावून बघा, फोनवर किती वेळात कळतं. मग तोच ट्रेलर अनमोड घाटातून नेऊन आणा, जिथे मोबाईलची रेंज जाते-येते. खाली आल्यावर मधल्या वेळेच्या नोंदी स्क्रीनवर आल्या पाहिजेत. त्या जागी नुसती सरळ रेघ असेल, तर दुसऱ्या विक्रेत्याला बोलवा.